उजव्या अंगाचा बैल

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते नव्याने सांगायला नको. राहुरीकडचे पाहुणे मला बघायला आले, तेव्हा त्यांनी मला ओसरीत चालून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, आधी तुमच्या मुलाला चालू द्या. पाहुणे अर्धे पोहे टाकून उठले, आणि आठ दिवसांत सगळीकडे झालं की पुंजारामांची पुष्पावती दिसायला बरी आहे, पण स्वभावाने तापट आहे.

ते साल बहात्तर. पावसाने पाठ फिरवली, विहिरी आटल्या, कडबा संपला, आणि घोडेगावाबाहेरच्या माळावर गुरांची छावणी उघडली. तिथे रजिस्टर लिहायला माणूस हवं होतं. मी मॅट्रिक झालेली आणि लग्न न जुळता घरी बसलेली. आई म्हणाली, जा, निदान तोंड तरी कामात राहील.

छावणीचे मॅनेजर आबासाहेब. नगरला लष्करी कचेरीत वीस वर्षं कारकुनी करून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे कबूल करते. त्यांच्या छावणीत पेंडीच्या पोत्याला कुणाची हात लावायची छाती झाली नाही. पण सरळ रेषेचं त्यांना वेड होतं. माळावर त्यांनी चुन्याच्या फक्कीने बारा ओळी आखल्या होत्या आणि चारशे जनावरं त्या ओळींवर बांधली होती. पांढरी सगळी पुढे, रस्त्याच्या बाजूला. तांबडी त्यांच्या मागे, आणि काळी-बांडी पार टोकाला. "पांढऱ्या जनावराच्या बरगड्या लांबून दिसत नाहीत," ते मला म्हणाले. "छावण्या तपासणाऱ्या साहेबांची जीप रस्त्यानं जाते. छावणी कशी दिसायला पाहिजे!"

रजिस्टरही त्यांनीच आखलेलं. शेवटच्या रकान्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, डिस्पोझिशन. शाळेत मला त्याचा अर्थ स्वभाव असा शिकवला होता. म्हणून मी पहिल्या दिवशी लिहीत गेले: गरीब, गरीब, लाथाळ, गरीब, बुजरी. आबासाहेब वाचून खो खो हसले. "अगं, मिलिटरीत डिस्पोझिशन म्हणजे कोण कुठं उभा. बैलाच्या स्वभावाशी सरकारला काय करायचंय? ओळ लिही आणि खुंटा लिही." मी सगळं खोडून ओळ आणि खुंटा लिहिला.

दोनशे चौदा नंबरचा बैल कडूबाईचा. कडूबाई शेवगावच्या पलीकडून दोन बैल घेऊन चार दिवस पायी आली होती. नवरा वारलेला, मुलगा खडी फोडायला गेलेला, आणि घरात शिल्लक राहिलेलं म्हणजे हे दोन बैल. पांढरा पाखऱ्या पहिल्या ओळीत गेला. तांबडा हरण्या, तोच दोनशे चौदा, सातव्या ओळीत. पंधरा दिवसांत हरण्याने शेजारच्या बैलाचा खांदा फोडला, पाणी देणाऱ्याला लोळवलं, आणि वैरण वाटणाऱ्या बन्सीला बरगडीत शिंग मारलं. बन्सी दोन दिवस कण्हत होता.

तिसऱ्या तक्रारीला जनावर बाहेर, असा नियम होता. आबासाहेबांनी माझ्यापुढे चिठ्ठीचा कोरा फॉर्म ठेवला. त्यातही तोच रकाना होता. "इथं लिही, छावणीबाहेर."

"इथं तर खुंटा लिहायचा ना?"

"विल्हेवाट. तोही अर्थ आहे त्याचा." ते अगदी शांतपणे म्हणाले.

मला एकदम चीड आली. बोटभर रकाना, त्यात जनावराचा स्वभाव मावत नाही, पण त्याचा निकाल मावतो. उद्या बाजार होता. त्या वर्षी बाजारात बैल विकत घेणारं एकच गिऱ्हाईक होतं आणि ते औताला जुंपायला बैल नेत नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"शाई संपली," मी म्हटलं. भरलेली दौत माझ्यासमोरच होती.

आबासाहेबांनी दौतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "उद्या मी नगरहून साहेबांना घेऊन चारला येतोय. तोवर चिठ्ठी तयार पाहिजे. नाहीतर दुसरा माणूस लिहील, आणि रजिस्टरही तोच लिहील."

मी तशीच उठून सातव्या ओळीत गेले. कडूबाई हरण्यापासून चार हात लांब बसली होती. मी विचारलं, "मावशी, घरी पण मारतो का हा?"

"घरी?" ती माझ्यावर खेकसलीच. "माझी नात त्याच्या पोटाखाली खेळती. मारका न्हाई त्यो. उजव्या अंगाचा बैल हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय! पाच वरसं झाली, औताला ह्यो उजवा आन् पाखऱ्या डावा. गोठ्यात बी तसंच. ह्याच्या डाव्या अंगाला पाखऱ्या नसंल असा एक दिस गेला न्हाई. हितं डाव्या अंगानं रोज नवं कुनी येतंय. बैल येतोय, मानूस येतंय. त्यो भितोय, बाई. भ्यालेलं जनावर शिंग न्हाई हानणार तर काय करंल?"

बन्सी वैरण वाटत जायचा तो डावीकडूनच. शेजारचा बैलही डावीकडचाच.

मी तेव्हाच आबासाहेबांकडे जाऊन सांगितलं, पाखऱ्याला मागे आणा, नाहीतर हरण्याला पुढे न्या. ते म्हणाले, "पुढच्या ओळीत तांबडा? आज एकासाठी ओळ मोडली, तर उद्या चारशे जण येतील."

तेच वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर राहिलं. येऊ देत की चारशे!

सकाळी आबासाहेबांचा ट्रक नगरच्या रस्त्याला लागला आणि मी टेबलावर उभी राहिले. आवाज माझा मुळातच मोठा. "ज्यांची जनावरं घरी जशी बांधलेली असतात, तशी बांधून घ्या. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

आधी कुणी हललं नाही. मग कडूबाई उठली. तिने हरण्याचं दावं सोडलं. सातव्या ओळीतून पहिल्या ओळीपर्यंत मोकळा बैल न्यायचा होता. वाटेत कुणाला त्याने शिंग लावलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं, आणि मीच ते संपवलं असतं. हरण्या फुरफुरत निघाला. तिसऱ्या ओळीपाशी बन्सी वैरणीचा भारा घेऊन समोर आला, आणि तोही नेमका डावीकडे. हरण्याने मान खाली घातली.

"बन्सीभाऊ, जागचे हलू नका!" मी ओरडले.

कडूबाई हरण्याच्या डाव्या अंगाला गेली, आपला खांदा त्याच्या खांद्याला लावला आणि त्याच्याबरोबर चालू लागली. जोडीचा बैल चालतो तशी, पावलाला पाऊल देत. हरण्या बन्सीच्या जवळून वारा जावा तसा निघून गेला. पाखऱ्याच्या उजवीकडे तिने त्याला उभा केला. पाखऱ्याने त्याची मान हुंगली. मग दोघांनीही माना खाली केल्या, जणू आता कुणीतरी त्यांच्या खांद्यावर जू ठेवणार होतं. मला तिथे रडू आलं, आणि मला रडायचा फार राग येतो.

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. गायी वासरांकडे गेल्या, म्हशी म्हशींजवळ गेल्या. एका म्हातारीने आपली बांडी गाय लिंबाखाली नेली, कारण घरी तिला झाडाखाली उभं राहायची सवय होती. फक्कीच्या ओळी पायांखाली पार पुसून गेल्या. मी रजिस्टर घेऊन मागेमागे फिरत होते आणि कुणाचं जनावर कुठे गेलं ते डोक्यात साठवत होते. लिहिलं मात्र काहीच नाही. दुपारपर्यंत छावणी एखाद्या गावासारखी वेडीवाकडी झाली, आणि महिनाभर चाललेला हंबरडा थांबला.

चारला आबासाहेब साहेबांना घेऊन आले. साहेब धुळीने माखलेले, दमलेले. त्यांनी एक चक्कर मारली, चहा घेतला आणि जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, "तुमच्याकडे आवाज नाही. बाकीच्या छावण्यांत कान किटतात." ओळींचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही.

जीप गेल्यावर आबासाहेब टेबलापाशी आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या."

"ही जनावरं आत्ताच्या आत्ता ओळीत गेली पाहिजेत!"

ते ओरडले तशा बायका आपापल्या खुंट्यापाशी जाऊन बसल्या. कडूबाई दोन्ही बैलांच्या मधोमध बसली. बन्सी एका हाताने बरगडी धरून आला, हरण्याच्या डाव्या अंगाने गेला आणि त्याच्यापुढे वैरण टाकली. हरण्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"चिठ्ठी," आबासाहेब हात पुढे करून म्हणाले. "चिठ्ठी लिहिलीस?"

"लिहिली आहे."

मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. जनावराच्या नंबराच्या जागी मी माझं नाव लिहिलं होतं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, तिन्ही अर्थ. स्वभाव: तापट. जागा: टेबलापाशी. विल्हेवाट: मॅनेजरांनी सही करून छावणीबाहेर काढावे.

"सही करा," मी म्हटलं आणि दौत पुढे सरकवली. "शाई आहे आज."

त्यांनी टाक उचलला. मग त्यांनी मान वळवून छावणीकडे बघितलं. चारशे जनावरं होती, ओळ एकही नव्हती, आणि कुठलं जनावर कुठे आहे हे त्या माळावर एकाच माणसाला माहीत होतं.

त्यांनी टाक खाली ठेवला, चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली आणि खाकरले.

"सत्याऐंशी नंबरची गाय आजारी आहे. डॉक्टर यायचेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कुठं आहे ती?"

"लिंबाखाली," मी म्हटलं, आणि रजिस्टर उघडून पहिल्या पानापासून लिहायला बसले. दोनशे चौदापाशी आले तेव्हा शेवटच्या रकान्यात लिहिलं: उजव्या अंगाचा.