वीस शब्दांचा पुठ्ठा

मी संत्र्यांच्या खोक्याचा पुठ्ठा बोलतोय. माझी विद्या वीस शब्दांची. कुणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. याच वीस शब्दांवर या बेटावर आलेल्या परक्या माणसांना मी तेरा वर्षं जेवू घातलंय, गरम पाण्याचं न्हाणीघर दाखवलंय आणि परतीची बोट गाठून दिलीय.

मला कापलं चियोए मावशींनी. धक्क्याजवळ त्यांचं चार खोल्यांचं लॉज आहे. एकदा एक परदेशी पाहुणा पोटावर हात ठेवून दारात उभा राहिला. पोट दुखतंय असं समजून मावशींनी त्याला कडू काढा पाजला. तो बिचारा भुकेला होता. त्याच दिवशी त्यांनी खोक्याची एक बाजू कापली आणि जाड पेनानं वीस जपानी शब्द लिहिले. शाळेच्या बाईंकडून खाली इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून घेतले आणि शेजारी स्वतः चित्रं काढली. चित्रकला यथातथाच. संडासाच्या चित्राला दोन पाहुण्यांनी देऊळ समजून हात जोडले होते.

मावशींचा नियम एकच, पुठ्ठा मोठ्यानं वाचल्याशिवाय जेवण नाही. एका बाईंनी ‘पुरे’ऐवजी ‘अजून वाढा’ची ओळ धरली आणि पाच वाट्या भात निमूटपणे संपवला. सगळे हसले, त्याही हसल्या.

मग ओंद्रा आला. चेक देशातला, तेवीस वर्षांचा. माझे वीसही शब्द त्यानं एका दिवसात पाठ केले आणि माझा फोटो काढून आईला पाठवला. रोज सकाळी धक्क्यावर जाऊन तो तोमेकिचींना हाक मारायचा. तोमेकिची म्हणजे घरच्यांवरही खेकसणारा म्हातारा कोळी. पण ओंद्राला ते हात हलवून उत्तर देत आणि सुकी मासळी हातावर ठेवत.

पाचव्या दिवशी ओंद्रा खडकांपलीकडे पोहायला गेला आणि पाण्याच्या ओढीत सापडला. तो ओरडला, आपल्या भाषेत. तोमेकिची होडीत जाळं दुरुस्त करत होते. पोरगं रोजच्यासारखं हाक मारतंय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी हात हलवला. घोटाळा लक्षात येऊन ते पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

माझ्यावर भात होता, चहा होता, बोट होती. ‘वाचवा’ नव्हतं. हे मी लपवत नाही.

मावशींचा मुलगा कात्सुनोरी शहरातून आला. तो म्हणाला, “आई, तुझ्या पुठ्ठ्यानं माणूस घालवला.” त्यानं तळहाताएवढं भाषांतराचं यंत्र आणलं आणि मी गेलो रश्शाच्या पातेल्याखाली. गोल काळा डाग पडला अंगावर. यंत्राला मी नावं ठेवत नाही, ते खरंच हुशार आहे. पण पाहुणे आता मावशींच्या तोंडाकडे बघेनासे झाले. यंत्राकडे बघून बोलायचे, यंत्राकडे बघूनच मान डोलवायचे.

दोन वर्षांनी, शरदात, ओंद्राची आई व्लास्ता आली. मुलाला पाण्यातून काढणाऱ्या माणसाला तिला भेटायचं होतं. कात्सुनोरीनं तोमेकिचींना जवळजवळ ओढूनच आणलं. व्लास्ता यंत्रात बोलली. यंत्रानं स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईच्या आवाजात तिचे आभार ऐकवले. शब्द अचूक होते. तोमेकिची वाकले आणि उठले.

“काका, ती आभार मानतेय,” कात्सुनोरी म्हणाला.

“यंत्राला मी काय सांगू?” एवढं म्हणून ते निघून गेले.

व्लास्ता बसून राहिली. मावशींनी तिला रस्सा वाढायला पातेलं उचललं आणि तिला मी दिसलो. फोटोमुळे तिनं मला ओळखलं. डागावरून तिनं हात फिरवला, मग ओल्या फडक्यानं मला पुसलं. यंत्रातून कात्सुनोरीला विचारलं, ‘माझा मुलगा’ आणि ‘तुमचा दोष नाही’ हे कसं म्हणायचं? दुसरं वाक्य तिच्या जिभेला पेलेना. कात्सुनोरीनं ते तोडून लहान केलं, ‘वारुकुनाई’, म्हणजे वाईट नाही. दिवसभर ती तेच घोकत होती आणि मावशी समोर बसून चुका काढत होत्या. संध्याकाळी कात्सुनोरीनं यंत्र स्वतःच खिशात ठेवलं.

सकाळी ती मला छातीशी धरून धक्क्यावर गेली. तोमेकिचींनी पाठ फिरवली.

“मुसुको,” ती म्हणाली. मुलगा. “ओंद्रा. तुम्ही... वारुकुनाई.”

उच्चार चुकलेलाच होता. तोमेकिची वळले.

“काय म्हणालात?”

तिनं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं, ‘सुमिमासेन’. पाहुणे तो शब्द चहा मागताना वापरतात, अहो, जरा ऐका म्हणून. माफी मागायलाही आमच्याकडे तोच शब्द आहे.

“तो ओरडत होता, बाई,” ते म्हणाले, “आणि मी हात हलवला.”

तिला यातला एक शब्दही कळला नसणार. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटीचा भोंगा वाजेपर्यंत सोडला नाही.

आज मी पुन्हा दारात टांगलेला आहे, डागासकट. मावशींनी तांबड्या पेनानं एकविसावा शब्द लिहिलाय, ‘तासुकेते’. वाचवा. यंत्र खाली फळीवर असतं, आमचं भांडण नाही. पण परमुलखात जाल तेव्हा थोडं मोडकंतोडकं तरी आपल्या तोंडानं बोला. लोक हसतील. हसू द्या. आणि मदतीची हाक सगळ्यात आधी शिका.

आमच्याकडे आता नियम कडक झालाय. जेवणाआधी प्रत्येक पाहुण्यानं अंगणात उभं राहून, समुद्राकडे तोंड करून, तो तांबडा शब्द जिवाच्या आकांतानं ओरडायचा. पाहुणे लाजतात, मावशी ऐकत नाहीत. आणि तो शब्द कानावर पडला की तिकडे होडीत तोमेकिची हातातलं जाळं टाकून उभे राहतात. सरावाची हाक आहे हे त्यांना ठाऊक असतं. तरी मावशी अंगणातून खूण करीपर्यंत ते खाली बसत नाहीत.