चौतीस किलो शिल्लक

त्याने थ्रॉटल पुढे सारला आणि सवयीने उजवा पाय पेडलवर दाबला. जोर लावला की हे विमान डावीकडे ओढ घेतं, ही त्याची जुनी खोड. पाय ढिला सोडला तर धावपट्टी सोडून सरळ गवतात. समोरचे काटे थरथरू लागले, दाराच्या फटीतून वारा शिट्टी मारू लागला, आणि शेजारच्या खुर्चीतून मुलगी म्हणाली,

"बाबा, लवकर उचलताय. वेग साठ होऊ द्या."

"मला माहीत आहे."

माहीत होतंच. पण हात तोवर मागे आला होता. चाकं एकदा उचलली, परत टेकली आणि मग एकदाची सुटली. खालचा खडखडाट एकाएकी थांबला. हा क्षण त्याला बावीस वर्षं आवडत आला होता. आज तोही त्याला नीटसा मिळाला नाही.

दोघंच असली की हे विमान पोरासारखं हुंदडत वर जायचं. चार खुर्च्या होत्या खऱ्या, पण चौघं बसली की तेच विमान एकदम म्हातारं व्हायचं. धावपट्टी पुरेना, नाक वर येईना, शेवटच्या झाडांवरून जाताना चालवणाऱ्याची धास्ती बसलेल्यांना त्याच्या चेहऱ्यावर दिसायची. चार खुर्च्यांचं विमान चार माणसांसाठी नसतं, हे शिकाऊ मंडळींना तो पहिल्याच दिवशी सांगायचा. खुर्च्या मोजू नका, किलो मोजा.

वीटभट्टीवरून जाताना गरम हवेचा नेहमीचा धक्का बसला. केबिन जुन्या मोटारीपेक्षाही अरुंद, मुलीचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता, आणि तरी ती काचेबाहेर पाहत होती. आठवडाभर तिचं हे असंच चाललं होतं. विचारलेल्याचं उत्तर, बाकी काही नाही. त्याने दोन बोटांनी ट्रिमचं चाक फिरवलं. हातातला जड दांडा हळूहळू हलका झाला आणि विमान आपलं आपण सरळ चालू लागलं. घरातही असं एखादं चाक बसवून घ्यायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं. पण ते बोलून दाखवायची आज सोय नव्हती.

तो पेशाने दातांचा डॉक्टर. माणसाच्या तोंडात आपले दोन्ही हात असताना त्याला प्रश्न विचारायची त्याला तीस वर्षांची सवय. "दुखलं तर डावा हात वर करा," असं तो प्रत्येकाला सांगायचा आणि हात वर झाला की म्हणायचा, "झालंच, दोन मिनिटं." समोरचा उलटून बोलत नाही म्हणजे त्याला आपलं पटतं, असा त्याचा फार वर्षं समज होता. फ्लाइंग क्लबात त्याला 'कॅप्टन' म्हणत. निम्मी थट्टाच होती ती, पण त्याने ती सबंध घेतली होती.

उतरताना त्याने विमान जरा आपटलं. मुलीने पट्टा सोडला आणि दार उघडलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर त्याची बायको आणि तिची धाकटी बहीण बसल्या होत्या. मुलीला लायसन्स मिळून महिना झाला होता आणि आज ती पहिल्यांदा माणसं घेऊन वर जाणार होती. आई आणि मावशी हवीतच, हा तिचा हट्ट. मावशी फोन केल्याबरोबर तयार झाली. आईला तयार करायला तीन आठवडे लागले.

कारण आई यापूर्वी एकदा आली होती. बावीस वर्षांपूर्वी, त्याला लायसन्स मिळालं तेव्हा. नवी साडी, कडेवर चार वर्षांची मुलगी. क्लबचे अध्यक्ष आणि त्यांचे एक मित्रही आले होते. त्याने सगळ्यांना एकेक करून वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडे मोठ्याने वाचले. अध्यक्षांचा वाचला, मित्राचा वाचला, बायकोचाही वाचला, एकसष्ट. कोणीतरी हसलं. मग त्याने कागदावर बेरीज केली, मान हलवली आणि म्हणाला, "अगं, जास्त होतंय. तुला थांबावं लागेल." ती थांबली. मुलगी तिच्या मांडीवर बसून जाणार होती, तीही थांबली.

त्यानंतर ती इथे फिरकली नव्हती. रागावलीही नव्हती. उलट कुठे चारचौघांत विमानाचा विषय निघाला की तीच हसून सांगायची, "माझ्या वजनानं यांचं विमान उडत नाही हो." लोक हसायचे. तोही हसायचा. ताटात ती अर्धंच वाढून घ्यायची, तिला फार लागत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं.

"चला, वजनं करून घेऊ," मुलगी म्हणाली. तिने काटा ऑफिसच्या आत, दाराआड ठेवला होता. "एकेकानं आत यायचं. आकडा मी बघणार, दुसरं कोणी नाही."

"मला कशाला लपवायचंय?" मावशी उठत म्हणाली. "मी म्हणजे खायला काळ नि भुईला भार. लिही चौऱ्याऐंशी."

बायको मात्र जागची हलली नाही. पर्स पोटाशी धरून म्हणाली, "मी कालपासून काही खाल्लं नाहीये गं. पाणी तेवढं प्यायले. पर्स इथेच ठेवू का?"

मुलीने वडलांकडे पाहिलं. तो इंधनाच्या टाकीचं झाकण तपासत होता. घट्ट लावलेलं झाकण त्याने पुन्हा एकदा घट्ट लावलं.

दोघींनंतर शेवटी तोही आत जाऊन काट्यावर उभा राहिला. मुलीने आकडा लिहिला आणि पॅडवरच्या कागदावर बेरीज केली. तिचं अक्षर त्याच्यासारखं होतं, बेरीज करायची पद्धतही त्याचीच, शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा.

"सोळा किलो जास्त होतंय," ती बाहेर येऊन म्हणाली.

बायको लगेच उठली. "मी थांबते. मला काय, सवय आहे."

"तू बस आई. तू तर पुढे बसणार आहेस, माझ्या शेजारी. बाबा, तुम्ही थांबा."

त्याला वाटलं, गंमत करतेय. त्याने हसायला सुरुवातही केली. "मी? अगं, पहिल्यांदा माणसं घेऊन चालली आहेस. शेजारी कोणी जाणतं नको?"

"लायसन्स आहे माझ्याकडे. आणि तुम्ही एक्क्याण्णव आहात."

"मग थोडं पेट्रोल काढू. सोळाच किलोचा तर प्रश्न."

"टाक्या काल संध्याकाळी तुम्हीच काठोकाठ भरून घेतल्यात. रात्री टाकी रिकामी ठेवली की आत दमट हवा जाते, पाणी धरतं. आणि एकदा भरलेलं काढायचं नाही. दोन्ही नियम तुमचेच."

नियम त्याचेच होते. ऑफिसच्या भिंतीवर त्याच्याच अक्षरात लावलेले होते. मावशी म्हणाली, "मी राहते की, भावोजी, तुम्ही जा." पण मुलीने तिचा दंड धरून तिला मागच्या दाराशी नेलं होतं. मग परत येऊन तिने पॅड त्याच्या हातात दिलं.

"हे धरा. माझी बेरीज तपासा," ती हळू म्हणाली. "आणि खालचाही कागद बघा."

*

इंजिन धडधडलं, पंख्याने धूळ उडवली आणि विमान लांब धावपट्टीच्या टोकाला गेलं. आवाज चढला तसा बाकावर बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय खडीत रुतला. कोणालाही आधार न देता तो तसाच दाबून राहिला. पोरीने साठ होऊ दिलं आणि मगच उचललं. एकदाच, अलगद. त्याला अभिमान वाटला आणि त्याच दमात जळफळाटही झाला. मला खाली ठेवून!

त्याने कागद पाहिला. बेरीज बरोबर होती. बायकोच्या आकड्यापाशी तो थांबला. चोपन्न. त्याला वाटत होतं, अजूनही ती साठच्या आसपास असेल. रोज तीन वेळा ताटाशेजारी ताट असून त्याला ठाऊक नव्हतं.

मग त्याने खालचा कागद काढला.

पिवळा पडलेला, कडा मऊ झालेल्या. अक्षर त्याचंच. दातांचा डॉक्टर जुने एक्स-रे टाकत नाही, तसे त्याने सगळ्या उड्डाणांचे कागद फायलींना लावून ठेवले होते. आणि गेल्या आठवड्यात स्वतःची फाइल लावायची म्हणून मुलीने कपाट उघडलं होतं.

तो सत्तर. अध्यक्ष ब्याऐंशी. त्यांचे मित्र अठ्ठ्याहत्तर. बायको एकसष्ट. इंधन अर्धी टाकी, पंचावन्न. एकूण तीनशे सेहेचाळीस. मर्यादा तीनशे ऐंशी. खाली दोन रेघा आणि त्याच्याच हातची बरोबरची खूण. मग बायकोच्या ओळीवर आडवी काट. काटेची शाई वेगळी नव्हती.

आधी त्याला राग आला. पोटच्या पोरीने आपली कपाटं उपसावीत! पण राग काढणार कोणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. बावीस वर्षांपूर्वीची ती सगळी सकाळ, जी त्याने नीट घडी घालून कुठेतरी ठेवून दिली होती, आता उलगडून समोर बसली. चौघं बसली असती तर विमान रडतखडत चढलं असतं. शेवटच्या झाडांवरून जाताना त्याचा चेहरा अध्यक्षांनी पाहिला असता. तिघांत ते पाखरासारखं चढणार होतं. चौथी खुर्ची रिकामी ठेवून तो तसा झोकात चढला होता आणि अध्यक्ष म्हणाले होते, "वा, कॅप्टन!" ते नाव तेव्हापासूनचं.

एवढ्यासाठी. त्याला दुसरं कारण आठवून पाहावंसं वाटलं, पण दुसरं कारण नव्हतं.

बाकाची एक फळी निसटलेली होती आणि मांडीला चिमटा घेत होती. छपराची सावली सरकून पायांवर ऊन आलं. या बाकावर तो कधी एवढा वेळ बसलाच नव्हता. त्या दिवशी त्याने अध्यक्षांना धरणावरून दोनदा फिरवून आणलं होतं. दीड तास. चार वर्षांची पोर मांडीवर घेऊन ती इथेच बसली होती, आणि तो उतरल्यावर तिने विचारलं होतं, "झालं का सगळं नीट?"

कागद फाडता आला असता. खिशात घालता आला असता. मुलगी काही बोलणार नाही, हे त्याला कळत होतं. बोलायचं असतं तर आठवडाभरात ती आईजवळ बोलली असती. तिने ते त्याच्यावर सोडलं होतं, आणि तेच जड जात होतं.

*

विमान टेकलं तेव्हा आवाजही झाला नाही. बायको उतरली. पाय जमिनीवर, एक हात अजून दारावर, आणि चेहरा असा की त्याला क्षणभर ती कोण हे समजेना.

"अहो, आपली गच्ची दिसली!" ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं आहे. मी म्हटलं, बघा, कितीदा सांगितलं होतं."

"आणि ताई काय निर्धास्त बसली होती सांगू," मावशी म्हणाली. "मीच डोळे मिटले."

मुलगी पंखाखालून वाकून आली. "तासाभराचं पेट्रोल जळलंय. आता चौघं बसू शकतो, आरामात. चला बाबा."

"चौघं?" बायकोचा हात दारावरून निघाला. "नको गं. मला मिळालं फिरायला. उगीच माझ्यामुळे ओझं कशाला? तुम्ही तिघं जाऊन या." आणि ती बाकाकडे चालूही लागली. कोणी सांगायच्या आत, वाट पायाखालची असल्यासारखी.

मुलगी तिथेच उभी राहिली. ती आईकडे पाहत नव्हती.

"थांब," तो म्हणाला. बायको थांबली. त्याने कागद वर धरला. मग त्या दिवशी वाचले होते तसे, मोठ्याने, त्याने आकडे वाचले. स्वतःचा, अध्यक्षांचा, मित्राचा. एकसष्ट. "इंधन पंचावन्न. एकूण तीनशे सेहेचाळीस. मर्यादा तीनशे ऐंशी. चौतीस किलो शिल्लक."

"हे आजचं?"

"नाही. त्या दिवसाचं."

ती कागदाकडे पाहत राहिली. त्यातल्या रकान्यांतलं तिला काही कळत नव्हतं, पण आपल्या नावावरची काट तिला दिसली. त्या काटेवरून तिने बोट फिरवलं.

"म्हणजे मी मावत होते?"

"हो."

"पोरीला घेऊनसुद्धा?"

"हो. अगं, ते त्या वेळी काय झालं, अध्यक्ष होते, आणि मला..."

तिने डावा हात वर केला.

तो थांबला.

ती बाकावर बसली, निसटलेली फळी सोडून, बरोबर तिच्या पलीकडे. बहिणीकडे हात पुढे करून म्हणाली, "तुझ्या पर्समध्ये बिस्किटं आहेत ना? दे."

मावशीने पुडा काढून दिला. तिने तो फोडला आणि खायला सुरुवात केली. एक संपलं की दुसरं, घाई न करता, कोणाला विचारलं नाही, कोणापुढे धरला नाही. तो कागद हातात घेऊन समोर उभा होता, उन्हात. मुलगी विमानाची चाकं अडवायला निघून गेली.

"अगं, पाणी तरी पी मध्ये," मावशी म्हणाली.

"पिते," ती म्हणाली, आणि पुढचं बिस्किट उचललं.