मोकळेपणासाठी काढलेला दरवाजा

मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनचा दरवाजा बोलतोय. केबिन जागेवर आहे, साहेबही आहेत; मीच तेवढा तिथे नाही. सध्या माझा मुक्काम स्टोअररूममध्ये, भिंतीला तिरका टेकून, घसरू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी.

मी जन्माचा भित्रा. बिजागऱ्या ठोकल्या तेव्हा वाटलं, संपलंच आता. सुतारकाका म्हणाले, "दचकतोस काय असा? आयुष्यभर लोक तुला आपटणारच आहेत." मोठाच धीर दिला!

खोकी बनवणारी ही कंपनी. जुने साहेब तापट होते, मला आपटायचेही. पण त्यांच्याकडे माणसं यायची. नुसत्या टकटकीवरून मला कळायचं, कोण कशाला आलंय. रजा हवी असली की बोटाच्या पेराने, हळूच. पगारवाढ हवी असली की आधी खाकरणं. भांडायचं असलं की टकटकच नाही, एकदम धडक! माणूस आत यायचा, मी पाठीमागे बंद व्हायचो आणि मग त्याच्या तोंडून खरं काय ते निघायचं. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं. बाहेर जाताना डोळे पुसून, माझी मूठ धरून क्षणभर थांबायचं. तेवढ्यासाठी मी सगळी आदळआपट सोसली.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नाही. कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात, याचा त्यांनी म्हणे मोठ्या कॉलेजात अभ्यास केलेला. एकदा कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि सगळ्यांना जमवून म्हणाले, "आजपासून तुमच्या-माझ्यात दार नको!" मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. तर सुतारकाका पेचकस घेऊन हजर. मला उतरवलं. टाळ्या झाल्या, फोटोही निघाले. त्या फोटोत मी आडवा आहे.

आता केबिनच्या चौकटीसमोर कुणाचं टेबल? सुपरवायझरचं. लोक त्याला पाठीमागे 'दुर्बीण' म्हणतात, ते उगीच नाही. कुणी केबिनकडे वळलं की त्याची मान वळते. आत कुजबुजलं तरी त्याला ऐकू जातं. बाहेर आलं की लगेच, "काय, काय सांगून आलात आमच्याबद्दल?" हसत विचारतो, पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या वाट्याला सगळ्यात जड काम येतं.

झालं. माणसं यायची बंद झाली. आणि साहेब काय म्हणतात? "बघा, दार काढलं आणि तक्रारीच संपल्या!" मी इथे कोपऱ्यात नुसता करकरतोय. अहो, तक्रारी संपल्या नाहीत, स्टोअरमध्ये आल्या! मी तिरका उभा, त्यामुळे माझ्यामागे दोन माणसं मावतील एवढी जागा झालीय. आता सगळी कंपनी तिथे येऊन बोलते. मला सगळं कळतं आणि मला काही करता येत नाही. यापरतं दुःख नाही.

त्यात कटिंगवाल्या ताई. पुठ्ठा कापायचं मशीन त्यांच्याकडे. मैत्रिणीला सांगत होत्या, "अगं, ब्रेक धरतच नाही. बटण बंद केलं तरी पातं आणखी एकदा खाली येतं. काल बाहीच गेली."

"मग सांग की साहेबांना!"

"गेले होते. दुर्बीण बघत बसला होता. शेवटी 'पंखा लावू का साहेब?' एवढंच विचारून आले."

"कमाल आहे बाई तुझी! आता बाही गेली, उद्या बोटं जातील."

परवा जेवणाच्या सुट्टीत साहेब स्वतःच माझ्यामागे येऊन उभे राहिले, फोन कानाला. "अगं, स्टोअरमध्ये आलोय. केबिनमधून बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं ना," असं ते बायकोला सांगत होते. स्वतःच्या तोंडाने! मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. कसला पडतोय!

तेवढ्यात ताई आल्या. साहेब तेव्हा फोनवर नुसतं ऐकत होते, मग मागे कोणी आहे हे त्यांना कुठे ठाऊक? बोलायची तालीम करायला आल्या होत्या. माझ्यावर हळूच टकटक केली, बोटाच्या पेराने.

"या!" साहेब सवयीने म्हणाले.

"अगं बाई!" ताई किंचाळल्या. मीही असा दचकलो की पुठ्ठ्यावरून इंचभर घसरलो. पण पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतंच, ते त्या घाबरण्यातच बाहेर पडलं. "साहेब, माझ्या मशीनचा ब्रेक धरत नाही!"

साहेबांनी फोन ठेवला. तिथेच माझ्याआड उभं राहून सगळं ऐकलं. मशीन लगेच बंद झालं, दुरुस्तीवालाही आला. ताईंची बोटं वाचली. मी मनातल्या मनात उभा राहिलो, अगदी सरळ.

आणि काल साहेबांनी सभा घेतली. "दार काढल्याचा फायदा बघा! या ताईंनी मोकळेपणाने सांगितलं. टाळ्या!" सर्वांत मोठ्या टाळ्या दुर्बिणीच्या. आज सकाळपासून ताई ट्रकमध्ये खोकी चढवताहेत.

दुपारी त्या आल्या होत्या. एक हात कमरेवर. माझ्यावर टकटक केली, वाट पाहिली, पुन्हा केली. आतून कोण बोलणार? मी लाकूड. त्या गेल्या आणि थोड्या वेळाने साहेब आले, फोन घेऊन.

साहेब, फोन झाला की एवढं करा. वरच्या फळीवर डबा आहे, त्यात माझ्या बिजागऱ्या आहेत, स्क्रूंसकट. सुतारकाकांना बोलवा. खुशाल ठोकू देत, या वेळी मी दचकणार नाही.