उंबऱ्यावरच्या अक्षता

वसंतला आमच्याकडे आल्यापासून एकच गोष्ट कळत नव्हती. तुम्ही लोक भर दिवसा दारं का लावून घेता? त्याच्या मॉरिशसच्या गावात म्हणे वादळ आलं तरच दार लावतात. मी म्हटलं, "बाबा रे, इथं वादळच आलंय. लाव ते दार आणि कडी घाल."

एकाहत्तर सालची ही गोष्ट. ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली होऊन तीन वर्षं झाली होती, आणि डमडमच्या एका गल्लीत सुचित्रादींच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. वसंत भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन इंजिनिअर व्हायला आलेला. कॉलेजात बॉम्ब फुटले, वसतिगृह बंद झालं, तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी त्याला आमच्याकडे आणून सोडलं. "चार दिवस ठेवून घ्या, आपलाच मुलगा आहे." त्या चार दिवसांचे कित्येक महिने झाले. तिकडून येणाऱ्या कुणाबरोबर त्याच्या आईनं माझ्यासाठी व्हॅनिला घातलेल्या चहाचा डबा पाठवला, आणि वर निरोप, की माझं पोर तुमच्या पदरात आहे, जसंच्या तसं परत पाठवा. ओळख ना देख, पण असा निरोप आला की बाईमाणूस अडकतंच. त्या दिवसापासून तो घराबाहेर पडला की माझा जीव खाली-वर व्हायचा.

त्याचा पणजोबा मालवणाकडून ऊस तोडायला तिकडे गेलेला. घरात आजी मराठी बोलायची, तेवढंच त्याचं मराठी. बंगाली त्याला मद्रासी समजत, मद्रासी सिंहली समजत, आणि आमच्या मंडळातल्या शहाण्या बायका त्याचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसत. मला संताप यायचा. स्वतःच्या पोरांना धड चार वाक्यं मराठीत बोलता येत नाहीत, आणि ह्या हसणार! तो मात्र हसणाऱ्यांबरोबर हसायचा. एकदाच म्हणाला, "मावशी, थय सगळे माका हिंदुस्थानातलो म्हणतत. हय इलंय तर हय पण माझा कोणी नाय."

कोणी नाही असं नव्हतं. खाली सुचित्रादींचा तपन होता, त्याच्याच वयाचा. त्याचंही कॉलेज बंद. दोघं गच्चीवर बसून एकमेकांना आपापल्या भाषेतल्या शिव्या शिकवायचे. तपन नक्षलवादी चळवळीत होता, की नुसता चळवळीतल्या पोरांबरोबर चहा पीत होता, मला ठाऊक नाही. त्या दिवसांत दोन्हीला शिक्षा एकच होती.

मी वसंतला गल्लीचे नियम घोकून घेतले होते. अंधारापूर्वी घरात. शेजारच्या पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पाऊल टाकायचं नाही. कुणाचं नाव, गाव, कोण कुठे राहतं, काही विचारायचं नाही. विचारणारा माणूस म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, असं सगळी गल्ली धरून चालायची. तो मान डोलवायचा. पण ज्याच्या गावात न विचारणं म्हणजे उद्धटपणा, त्याच्या अंगात हे मुरणार कसं?

गणपती आले. आमचा दीड दिवसाचा, घरातला छोटासा. दर वर्षी मी कुंकवात भिजवलेल्या चार अक्षता सुचित्रादींच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि त्यांना आरतीला बोलवायची. त्या अक्षता त्या उचलून आपल्या लक्ष्मीपाशी ठेवायच्या आणि संध्याकाळी मोदक खायला वर यायच्या. मला त्या 'बोन' म्हणायच्या, म्हणजे बहीण. बाकी गल्लीशी आमचा संबंध नमस्कारापुरता.

हरतालिकेच्या दिवशी माझा कडकडीत उपास. दुपारी डोकं धरून आडवी झाले. उठून पाहते तर अक्षतांची वाटी रिकामी आणि वसंत समोर उभा, घामानं निथळलेला, चेहरा नुसता फुललेला.

"मावशी, सगळ्यांका बोलावन इलंय."

"सगळ्यांना म्हणजे?"

म्हणजे सगळ्या गल्लीला. त्याच्या गावात चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरातला मुलगा दारोदार अक्षता ठेवून येतो. दार बंद असलं तरी उंबऱ्यावर ठेवायच्याच, एकही घर वगळलं तर वर्षभराचा अपमान. फक्त सुतकातल्या घरी ठेवत नाहीत, दुःखात असलेल्या माणसाला सणाचं बोलावणं करू नये म्हणून. ते त्यानं नीट सांभाळलं होतं. कोणत्या घरी माणूस गेलंय ते त्यानं आधी पानवाल्याला विचारून घेतलं, आणि ज्या घरांतली मुलं त्या पावसाळ्यात मारली गेली होती ती घरं सोडून प्रत्येक उंबऱ्यावर लाल तांदूळ ठेवून आला.

मी कपाळावर हात मारला. रागावले, आणि मग त्याचं तोंड बघून हसले. एवढे मोदक कोण करणार, एवढीच माझी चिंता. हे बँकेतून आले तेही म्हणाले, "चला, ह्या गल्लीला कुणीतरी आमंत्रण तरी दिलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी गल्ली दोन्ही तोंडांनी बंद केली. घराघरांतून पोरं, बाप्ये बाहेर काढले आणि शाळेच्या मैदानात उकिडवे बसवले. डोक्यावर पोतं घातलेला एक माणूस त्यांच्यामधून फिरत होता. पोत्याला डोळ्यांपुरती भोकं. ज्याच्यापाशी तो मान हलवी तो पोरगा गाडीत. आम्ही बायका गच्चीवरून बघत होतो. तपनपाशी त्यानं मान हलवली. सुचित्रादी माझ्या शेजारी होत्या.

वसंतही त्या मैदानात बसला होता. अधिकाऱ्यानं त्याचा पासपोर्ट उलटून पाहिला, त्याला उठवलं, हात मिळवला आणि सगळ्या गल्लीदेखत "सॉरी" म्हणून घरी पाठवलं. मी देवाचे आभार मानले. त्या 'सॉरी'ची किंमत काय ते मला नंतर कळलं.

उजाडल्यावर लोकांनी आपापले उंबरे पाहिले. ज्या घरांतून मुलं नेली, त्या प्रत्येक घरापुढे लाल तांदूळ, जणू पोलिसांसाठी केलेली खूण. जिथे तांदूळ नव्हते, तिथून कुणाला नेलं नव्हतं. तिथून न्यायला कुणी उरलंच नव्हतं, हा हिशेब कोण करणार? कोणत्या घरी कोण मेलंय ते परदेशी पोरगा विचारत होता, हे पानवाल्यानं सांगितलंच असणार. दुपारपर्यंत आमच्या दारावर कुणीतरी शेण मारलं. मोदक पातेल्यात तसेच राहिले. आरतीला आम्ही तिघं आणि गणपती.

संध्याकाळी बरीचशी पोरं मार खाऊन सुटली. तपन सुटला नाही. ऋषिपंचमीच्या सकाळी बातमी आली, पळून जाताना गोळी लागली. प्रेतही दिलं नाही, जाळून टाकलं होतं.

ह्यांनी ताबडतोब ठरवलं. बँकेची जीप मागवली. "दुपारी गणपती हलला की वसंतला थेट शहराच्या दक्षिण टोकाला माझ्या मित्राकडे सोडतो. इथे एक रात्र नको." माझी त्याला एकदम कबुली होती. मी त्याची ट्रंक भरायला घेतली.

वसंत म्हणाला, "मी खाली जाऊन येतंय."

"अजिबात नाही," मी ओरडले.

"मावशी, तपनची आई थय बसलीहा. न भेटता गेलंय तर सगळे म्हणतले, ह्येनाच केल्यान."

"म्हणू देत! तू जिवंत राहा, मग काय म्हणायचं ते म्हणू देत!"

ह्यांनीही समजावलं. पण सुतकाच्या घरी बोलावणं लागत नाही, आपण होऊन जायचं असतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. आणि तपन त्याचा मित्र होता. मी ट्रंकेकडे वळले तेवढ्यात तो जिना उतरला. मी मागोमाग धावले.

सुचित्रादी भिंतीला टेकून बसल्या होत्या. खोलीत गल्लीतली पोरं होती, काहींची तोंडं माराने सुजलेली. वसंत आत जाऊन जमिनीवर बसला, त्यांच्या समोर, आणि रडायला लागला. लहान पोरासारखा, मोठ्यानं. कुणी त्याला थांबवलं नाही.

मग त्यातला एक जण सुचित्रादींना बंगालीत म्हणाला, "माशिमा, ह्यानं तुमच्या दारात तांदूळ ठेवले होते. ते कसले, तुम्हाला माहीत आहे?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी दारातून ओरडले, "सांगा ना! सुचित्रादी, सांगा त्यांना! दर वर्षी मी ठेवते, तुम्ही उचलता!" पण मी त्याच्याच घरची. माझा शब्द त्या खोलीत कोण घेणार? त्यांचा एक शब्द पुरला असता. 'पूजा' एवढा म्हणाल्या असत्या तरी पुरलं असतं.

त्या उठल्या. वसंतच्या अंगावरून पुढे गेल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

पोरांनी त्याला उठवलं. ओढलंसुद्धा नाही, खांद्याला हात लावून उठवलं. मी आडवी आले तर एकानं मला बाजूला केलं. हे जिन्यावरून धावत आले, त्यांना भिंतीशी दाबून धरलं. गल्लीत उजेड होता, जीप येऊन उभी होती, ड्रायव्हर खाली वाकून बसला होता. एकेक दार लागत गेलं. वसंतनं वळून मला हाक मारली ती अजून माझ्या कानात आहे.

तो शाळेमागच्या तळ्यात सापडला. त्याच तळ्यात आम्ही गणपती नेणार होतो. गणपती ह्यांनी घरी बादलीत विसर्जित केला.

त्याच्या आईला तार ह्यांनी केली. मी त्या चहाच्या डब्याकडे बघत बसायची. माझ्या पदरात घातलेलं पोर, आणि मी त्याला त्याच्याच ट्रंकेबरोबर परत पाठवलं, ट्रंक वर आणि तो खाली, शवपेटीत.

ह्यांनी बदलीचा अर्ज केला. सामान बांधत असताना सुचित्रादी वर आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. हातात पितळी डबी होती. उघडून दाखवली. लाल अक्षता. दर वर्षीच्या माझ्या, आणि वर त्याच्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यावर बघितल्या तेव्हाच मी त्या उचलून लक्ष्मीपाशी ठेवल्या."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज फाटला. "एक शब्द! तुमच्या तपनसाठी रडायला आला होता तो."

त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"तो समोर बसला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याकडे बघितलं. तो जिवंत होता, बोन. दुसरं काही मनात नव्हतं."

त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. घ्याव्यात म्हणून, की माफ करावं म्हणून, मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. मी त्या डबीला हात लावला नाही. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, त्यांच्या तोंडावर मी दार लावलं आणि कडी घातली.