सुलेखाचा सा

सुलेखाच्या गळ्यातली गाठ साधी निघाली म्हणून तिच्या नवऱ्यानं, अवधूतनं, पेढे वाटले, आणि ते पेढे संपायच्या आत कळलं की तिचा आवाज गेलाय. थायरॉइडच्या ऑपरेशनात एक नस दुखावली होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाही आला तरी बोलण्यापुरता आहेच की. डॉक्टरांचं काय जातं! बोलण्यापुरता घोगरा आवाज होता खरा, पण ज्या बाईनं अमेरिकेत, रेडमंडमधल्या निम्म्या मराठी पोरांना सा लावायला शिकवलं, तिचा स्वतःचा सा लागेना. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर यायची.

हळूहळू क्लासची पोरं पांगली. आधी त्यांच्या आया म्हणाल्या, "टेक युअर टाइम हं, ताई," आणि मग त्यांनीच गुपचूप पुण्याच्या ऑनलाइन बाई शोधल्या. घरात कुणी या विषयाला हात लावत नसे. अवधूत भांडी जरा जास्तच जोरात घासायचा, आणि मुलगी केया कानांत हेडफोन घालून फिरायची. आईला दुखवायचं नाही, असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

मंडळाच्या गणेशोत्सवात नांदी दरवर्षी सुलेखाची. यंदा मंडळाच्या अहिल्याकाकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. लाडू आले तेव्हाच सुलेखानं ओळखलं.

"यंदा तू पुढच्या रांगेत बस गं नुसती. आराम कर. नांदी चैत्राली म्हणेल."

"मी वाजवीन," सुलेखा कुजबुजली.

"काय वाजवशील?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातलीच गत.

पेटी तिला येत होती, पण एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड पेटीला कुठून आणणार? मग एका रविवारी लायब्ररीतल्या कार्यक्रमात तिनं नेर्मिन नावाच्या तुर्की बाईंचं कानून हे तंतुवाद्य ऐकलं. दिसायला स्वरमंडळाचं थोरलं भावंड. मांडीवर आडवं घ्यायचं, एकेका स्वराला तीन-तीन तारा, दोन्ही तर्जनींत अंगठ्या आणि त्यांत खोचलेल्या नख्या. डावीकडे तारांखाली छोट्या पितळी पट्ट्या होत्या, त्या उचलल्या की स्वर केसभर चढायचा, पाडल्या की उतरायचा. दोन सुरांच्या मधली जागा त्या वाद्यात सापडत होती. सुलेखाला तिथेच रडू फुटलं. आपला गेलेला गळा इथे आहे, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. नेर्मिनबाईंच्याच ओळखीनं एक वापरलेलं कानून मिळालं आणि ते गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून घरी आलं.

बुडत्याला काडीचा आधार, पण काडी धरायचीही एक रीत असते. सुलेखाचं घोडं पेंड खायचं ते नेमकं तिथे. नख्या घातल्या की तिचा हात सवयीनं सगळ्या तारांवरून एकदा सरसर फिरायचा आणि थांबायचा. नेर्मिनबाई मान डोलावत पुढच्या स्वराची वाट बघायच्या. पुढे काहीच यायचं नाही. पुन्हा सरसर, पुन्हा थांबणं.

"तू छान सुरुवात करतेस आणि थांबतेस," एक दिवस त्या म्हणाल्या. "कुणाची वाट बघतेस?"

 गाणारी माणसं स्वरमंडळ छेडतात ती गायला सुरुवात करण्यासाठी. हात आपलं काम करून बाजूला व्हायचा आणि गळ्याला जागा करून द्यायचा. वीस-पंचवीस वर्षांचं हे वळण होतं. पण स्वतःपाशी हे कबूल करण्यापेक्षा सुलेखानं दुसराच दोष शोधला. सा चुकीचा आहे, म्हणून हात पुढे जात नाही. तिचा सा पेटीच्या काळी पाच पट्टीचा, आणि कानून लागलेलं त्याच्या बरंच खाली.

"तुझा स्वर या तारेवर आहे की," नेर्मिनबाईंनी दाखवलं. "इथून वाजव. अख्खं वाद्य चढवू नकोस हं. तारा पेलणारी ही घोडी माशाच्या कातड्यावर उभी आहे. जास्त ताण तिला सोसत नाही."

सुलेखानं मान डोलावली, ऐकलं मात्र नाही. तंबोरा गवयाच्या गळ्याला मिळवायचा असतो, गवयानं तंबोऱ्याला नव्हे, हे तिला लहानपणापासून पढवलेलं. ते एका कातड्यापायी सोडायचं?

उत्सवाच्या आदल्या शनिवारी अवधूत मखराचं सामान आणायला गेला तशी ती खुंट्या पिळायची चावी घेऊन बसली. खालच्या तारेपासून सुरुवात केली. एकेक खुंटी पिळत, कान तारेला लावून, काळी पाचपर्यंत. बाहेर रेडमंडचा कंटाळवाणा पाऊस लागला होता. अर्ध्याहून जास्त तारा चढल्या तेव्हा तिनं हात फिरवला. लागला! तिचाच सा, जसाच्या तसा! ती किती दिवसांनी हसली. उरलेल्या तारा तिनं घाईघाईनं पिळल्या.

कातडं फाटलं तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. घोडी एका कोपऱ्यात खचली, आणि तिथल्या तारा एकदम बेसूर होऊन लोंबल्या.

केया जिन्यावरून धावत आली. "आई! व्हॉट हॅपन्ड?"

"चढवलं," सुलेखा कुजबुजली. "माझ्या सापर्यंत."

"पण व्हाय? नेर्मिननं सांगितलं होतं ना, डोन्ट डू दॅट!"

"माझा सा तिथे आहे, केया. मी तिथून गाते."

 केयाचा चेहरा वाकडा झाला, आणि इतके महिने घरात कुणी न उच्चारलेलं वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं. "बट आई, यू डोन्ट सिंग एनीमोर."

तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. "सॉरी, सॉरी आई, आय डिडन्ट मीन..."

सुलेखानं मान हलवली. पोरीनं काय चूक केली होती? ज्या गळ्यासाठी तिनं हे वाद्य ताणून ताणून फाडलं, तो गळाच नव्हता. शेजारच्या खोलीतून कुणी यावं तसा तो येईल, म्हणून ती इतके दिवस हात थांबवून बसली होती. आता मात्र तिला हुंदका आला आणि तोही नीट आला नाही. खांदे हलत होते, तोंड उघडं होतं आणि बाहेर येत होती ती नुसती हवा. केया घाबरून तिला बिलगली.

बऱ्याच वेळानं केयानं नेर्मिनबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, कातडं नवं बसवता येईल, पण आधी सगळा ताण उतरवा.

केयानं चावी उचलली. "आई, कितीपर्यंत खाली आणायच्या?"

सुलेखानं पहिली खुंटी दाखवली.

"सगळ्या सोड," ती कुजबुजली. "माझा सा ठेवू नकोस."

केया एकेक खुंटी उलटी फिरवू लागली. आणि आई शेजारी बसून आपला सा उतरताना ऐकत राहिली.