पूजेबाहेरचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. शिळफाट्याजवळच्या एका गावात, चांगोबाबांच्या घरी राहतो.

छापखान्यात मला शिवले, खळ लावली, निळ्या पुठ्ठ्यात बसवले. बाबांनी मुलाच्या शाळेसाठी मला आणले. तेव्हा काय माझा मान! दर खंडेनवमीला विळा, कोयता, बाबांचे टाळ आणि मी पाटावर बसायचो. बाबा कीर्तनवेडे. टाळांशेजारी बसून मलाही वाटे, आपण अर्धे वैष्णवच झालो.

मग मोबाईल आला. खरे सांगतो, मी त्याच्यावर जळतो. बाबांची नात प्राची त्याला उशाशी घेऊन झोपते, आणि मी कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली! देवळातल्या भोंग्यातून बुवा 'मत्सर सोडा' म्हणत. मी मनोमन मान डोलवी. पण मोबाईलचा उजेड पडला की सारे निरूपण वाया.

यंदा नवमीला प्राचीच्या आईने घर आवरले आणि मला रद्दीच्या पोत्यात टाकले. पोते दसऱ्याला दुकानात जाणार होते. पाटावर माझ्या जागी बघतो तर काय, मोबाईल! त्याला कुंकू, त्याला झेंडू. माझ्या पानापानाला आग लागली.

तेवढ्यात प्राची धावत आली. दसऱ्याच्या सकाळी देवळात मुलांचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने एका इंग्रजी क्रियापदाचे स्पेलिंग, अर्थ आणि उपयोग सांगायचा. तिच्या वाट्याला 'कीप' आले होते. तिने मोबाईलकडे हात नेला.

"अगं ए! पूजेतल्या वस्तूला उद्यापत्तोर हात लावायचा नाय," बाबा ओरडले.

"आजा, मग मी बोलू काय? गेल्या साली अडले तर माझ्या वर्गातली हर्षला किती हसली!"

"त्या कोशाला विचार की गं. बसलाय बघ पोत्यात."

"त्याला वास येतो."

"तुझ्या आज्यालाबी येतो. टाकतेस का पोत्यात?"

प्राची हसली. तिने मला झटकले, उघडले. कितीतरी दिवसांनी माझ्या पानांना वारा लागला!

"के, ई, ई, पी. ठेवणे, जपणे, पाळणे. पुढे दुसरे क्रियापद आले तर करत राहणे."

"घोकू नको गं," बाबा म्हणाले. "बुवा कसं करतात? एक अर्थ, त्याचा दाखला, की परत मूळ शब्दावर. आमी भात राखतो, तू कोंबड्या पाळतेस, दिला शब्द पाळायचा. सांग बघू."

टाळ पूजेत होते. म्हणून बाबांनी हातांनीच ताल धरला.

दसऱ्याला प्राचीने मला काखेत धरून देवळात नेले. 'जपणे'पाशी ती अडली. समोरून बाबांनी हळूच टाळी वाजवून ताल दिला. ती मूळ शब्दावर परतली आणि शेवटी म्हणाली, "कीप सिंगिंग, म्हणजे गात राहा!" सारे देऊळ हसले, टाळ्या पडल्या.

"कुठल्या ॲपवर मिळालं गं?" हर्षलाने विचारले.

प्राचीने मला उंच धरले. मित्रांनो, त्या क्षणी मोबाईल तिथे नव्हता, याचे मला फार वाईट वाटले!

घरी आई म्हणाली, "पुढच्या साली ह्यालाबी पाटावर बसवू."

"नको गं आई. परत अडले तर सांगंल कोण?"

पोते माझ्याविना गेले. प्राचीने 'कीप'च्या पानात पूजेतली झेंडूची पाकळी ठेवली आहे. मोबाईल वाजला की अजून माझ्या पोटात दुखते. पण मित्रांनो, घरातल्या जुन्या पुस्तकाला फूल नाही वाहिलेत तरी चालेल. त्याला अधूनमधून उघडा. आमची पूजा तीच.