शेंबी पडलेली काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो, भरीव वेळूची. आता मला कोपऱ्यात टाकली असेल असं वाटत असेल, तर चुकताय. सोनारीच्या मेंढपाळ सिदूआबांच्या मुठीत मी तीस वर्षं आहे. त्यांनी मला शेकोटीवर शेकून सरळ केलं, तेल पाजलं आणि बुडाला लोखंडी शेंबी ठोकली. मी मेंढरं वळवली, लांडगे हाकलले. मला टेकून आबा उभ्याउभ्या डुलकीही काढतात.

आबांची नात दीपाली दहावीत होती. नदीच्या पुरात अडकलेल्या माणसांना हवाई दलाचं हेलिकॉप्टर उचलून नेताना तिनं पाहिलं आणि घरात जाहीर केलं, "मी लष्करात विमान चालवणार." शाळेतल्या बाईंनी वाट सांगितली: बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, मग एनडीएची परीक्षा, आणि उंची एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर. बाईंच्या टेपनं मोजून दीपालीनं माझ्या अंगावर विळ्यानं खाच पाडली. दुखलं, पण मान मिळाला.

आमच्या घरात विहिरीचं पाणी असो की मेंढरांची जागा, सगळं काठीनंच मोजतात. दर रविवारी काळभैरवाला तेल घालून आली की दीपाली माझ्याशेजारी ताठ उभी राहायची.

घोळ तिथंच झाला. त्याच वर्षी माझी शेंबी रानात कुठंतरी पडली. खडकावर आपटून मी बुडातून झिजत गेले आणि माझ्याबरोबर ती खाचही खाली आली. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

बारावीत तिचं डोकं खाचेला लागलं. आबांनी गावभर गूळ वाटला. आठवड्याभरात धाराशिवच्या डॉक्टरांनी उंची मोजली. एकशे एकसष्ट!

"झालं समाधान?" तिचे नोकरदार चुलते वैजनाथ म्हणाले. "आता पोलीस भरतीचं बघ. इमानं आपल्यासाठी न्हाईत."

आबांनी मला उलटी करून बुड पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "पोरी, चूक माजी. नवी शेंबी म्याच न्हाय ठोकली."

दीपाली रडली, खोटं कशाला सांगू? मग डोळे पुसून उठली.

"काठी तुमच्यासंगं चालून झिजली आबा, तिला बोल लावू नका. अन् काका, फॉर्म मी भरणारच. परीक्षा आधी हाय, मोजमाप नंतर. तवर वाढंन. न्हाय वाढले तर त्यांनी मोजून न्हाय म्हणावं, मी माझ्या तोंडानं म्हणणार न्हाय. पदवीनंतरबी एक वाट हाय, तीबी सोडणार न्हाय!"

माझ्या अंगात बळ असतं तर मी तिथंच उडी मारली असती. त्याच संध्याकाळी तिनं अर्ज भरला आणि दाराच्या दगडी चौकटीवर टेपनं एकशे त्रेसष्टची नवी खूण केली. आबांनी मला नवी शेंबी ठोकली.

मित्रांनो, घरात जुनी काठी असेल तर तिला तेल पाजा, तिची शेंबी बघा. आणि कुणी लेकराला मापायला निघालं, तर आधी मापणाऱ्याचं माप तपासा. ते कुठं झिजलंय हे त्यालाही ठाऊक नसतं.

परवाच्या रविवारी दीपाली चौकटीला टेकून उभी राहिली. टेप वैजनाथांनी धरला होता.

"टाच टेकव," ते म्हणाले.

"टेकलीच हाय. नीट बघा."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अजून अर्धं बोट कमी आहे.

"पुढच्या रविवारी परत मोजू," वैजनाथ म्हणाले आणि टेप स्वतःच्या खिशात ठेवला.